वाहन-विक्रेता, उत्पादक आणि कायद्याचे संरक्षण



मोटारगाडी विकत घेणाऱ्या ग्राहकास शोरूममधील विक्रेता म्हणजेच कंपनी वाटते. गाडीत दोष निघाला, सुटा भाग मिळाला नाही, वायदा चुकला, की तक्रार त्याच्याकडेच येते. कायद्याच्या दृष्टीने मात्र हा विक्रेता कंपनीचा नोकर नसतो, आणि बहुतेक करारांनुसार तिचा अभिकर्ताही नसतो. तो स्वतंत्र व्यापारी असतो. कंपनीकडून तो गाडी विकत घेतो, तेही बहुधा बँकेच्या पैशाने, आणि मग ती पुढे विकतो. कारखान्याच्या फाटकातून गाडी बाहेर पडून विक्रेत्याच्या नावे बिल झाले की कंपनीच्या हिशेबी विक्री पूर्ण होते. विक्रेत्याची विक्री त्यानंतर सुरू होते आणि व्याजही.

या व्यवहारातील असमतोल समजण्यास फार आकडेमोड लागत नाही. हमरस्त्यावरील जागा, कंपनीने ठरवून दिलेल्या नमुन्याचे दालन, तिच्याच गाड्यांना चालणारी कार्यशाळेतील हत्यारे आणि यंत्रे, तिच्याच पद्धतीने शिकवलेले कारागीर, हे सर्व भांडवल विक्रेत्याचे असते. उद्या करार संपला तर त्यातील बराचसा भाग दुसऱ्या कोणाच्या कामाचा राहत नाही. करार मात्र ठराविक, बहुधा थोड्या मुदतीचा, आणि त्याचा मसुदा कंपनीने तयार केलेला. अशा स्थितीत धमकी देण्याची गरजच पडत नाही. चालणाऱ्या गाडीबरोबर न चालणाऱ्या चार गाड्या पाठवल्या, प्रोत्साहन रक्कम महिनाभर अडकवली, शेजारीच दुसरा विक्रेता नेमण्याची नुसती चर्चा केली, की काम होते.

हा प्रश्न सर्वप्रथम अमेरिकेत उग्र झाला, आणि तेथील अनुभव मुळापासून पाहण्यासारखा आहे. १९२०-२१ च्या मंदीत हेन्री फोर्ड यांच्यावर कर्जाचा मोठा भार होता. बँकांच्या दारी जाण्याऐवजी त्यांनी तयार गाड्या विक्रेत्यांकडे रवाना केल्या आणि त्या पोहोचताच रोख रकमेची मागणी केली. रक्कम न भरल्यास विक्रेतेपद जाणार, हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. विक्रेत्यांनी आपापल्या गावच्या बँकांतून कर्जे काढली आणि गाड्या उतरवून घेतल्या. कंपनीचे कर्ज अशा रीतीने गावोगावच्या व्यापाऱ्यांच्या खाती वर्ग झाले. पुढे विस्कॉन्सिन राज्याने १९३७ मध्ये अशा जबरदस्तीविरुद्ध कायदा केला. राष्ट्रीय पातळीवर मात्र १९५५-५६ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वेळी सिनेटर जोसेफ ओमाहोनी यांच्या उपसमितीपुढे जनरल मोटर्सच्या व्यवहारांची चौकशी झाली. चौकशी चालू असतानाच कंपनीने विक्रेत्यांच्या एका वर्षाच्या कराराची मुदत पाच वर्षे करण्याची तयारी दाखवली, यावरून उघड चर्चेचा प्रभाव लक्षात यावा.

८ ऑगस्ट १९५६ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या स्वाक्षरीने जो कायदा झाला, त्याचे नावच ‘मोटार विक्रेत्यांना न्यायालयात दाद मागण्याचा दिवस’ अशा अर्थाचे आहे. कराराचे पालन करताना, तो संपवताना किंवा त्याचे नूतनीकरण नाकारताना उत्पादकाने सद्भावाने वागले पाहिजे. तसे न वागल्यास विक्रेत्यास संघीय न्यायालयात नुकसानभरपाई मागता येईल, हा त्याचा गाभा. सद्भावाची व्याख्या करताना जबरदस्ती, धाकदपटशा आणि तशा धमक्यांपासून मुक्तता असे शब्द वापरले आहेत. परंतु त्याच व्याख्येला एक शेपूट जोडले गेले. शिफारस, मनधरणी, आग्रह किंवा युक्तिवाद करणे म्हणजे सद्भावाचा अभाव नव्हे! आग्रह कोठे संपतो आणि जबरदस्ती कोठे सुरू होते, हे सिद्ध करण्याचा भार त्यामुळे विक्रेत्यावर पडला. न्यायालयांनीही प्रत्यक्ष धाकाचा पुरावा मागितला, आणि बहुतेक दावे तेथेच अडले.

खरे संरक्षण दिले ते राज्यांच्या कायद्यांनी. सबळ कारणाशिवाय करार संपवता येणार नाही, पूर्वसूचना द्यावी लागेल, शिल्लक गाड्या व सुटे भाग परत घ्यावे लागतील, जवळपास नवा विक्रेता नेमण्यास आधीच्या विक्रेत्यास हरकत घेता येईल, अशा तरतुदी त्यांत आल्या. हरकतीची कॅलिफोर्नियातील तरतूद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये वैध ठरवली. २००२ मध्ये आणखी एक पळवाट बुजवली गेली. वाद उत्पन्न झाल्यानंतर दोन्ही पक्षांनी लेखी संमती दिली तरच लवादाकडे जाता येईल, करारात आधीच घातलेले लवादाचे कलम पुरेसे नाही, असे अमेरिकी काँग्रेसने ठरवले. तरीही २००९ मध्ये क्रायस्लर दिवाळखोरीत निघाली तेव्हा ७८९ विक्रेत्यांचे करार एका फटक्यात रद्द झाले. दिवाळखोरीच्या कायद्यापुढे राज्यांचे कायदे टिकले नाहीत, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात या विक्रेत्यांसाठी लवादाची खास तरतूद करावी लागली.

भारतात अशा विशेष कायद्याची उणीव प्रथम ठळकपणे जाणवली ती २०१७ मध्ये, जनरल मोटर्सने देशांतर्गत विक्री बंद करण्याचे जाहीर केले तेव्हा. २०२० मध्ये हार्ले-डेव्हिडसनने आणि सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने तशीच घोषणा केली. फोर्डचे १७० विक्रेते आणि ३९१ विक्री-केंद्रे होती, असे विक्रेत्यांच्या ‘फाडा’ या महासंघाने त्या वेळी सांगितले होते. कंपनीला बाजार सोडण्याचे स्वातंत्र्य आहे, यात वाद नाही. तिच्या शब्दावर दालन उभारणाऱ्यास किती मुदत आणि किती भरपाई मिळावी, हे मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

येथे विक्रेत्यास आधार भारतीय करार कायदा, १८७२ चा. त्याच्या १५ व्या कलमातील जबरदस्ती म्हणजे दंड संहितेने मना केलेले कृत्य अथवा त्याची धमकी, किंवा मालमत्ता बेकायदा अडकवणे. चार जादा गाड्या पाठवणे त्यात बसत नाही. १९८६ च्या ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सौदाशक्ती विषम असताना लादलेल्या अन्यायकारक अटी रद्दबातल ठरवल्या. पण दोन्ही पक्ष व्यापारी असतील आणि करार व्यापारी असेल तर हे तत्त्व लागू होणार नाही, असेही त्याच निकालात म्हटले. १९९१ मध्ये अमृतसरच्या एका गॅस वितरकाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने दाखवून दिले की, तीस दिवसांच्या सूचनेने संपवता येणारा करार चुकीने संपवला तरी वितरकास मिळेल ती त्या तीस दिवसांचीच भरपाई. वितरणाचा हक्क परत मिळणार नाही. वर्षानुवर्षांच्या गुंतवणुकीची किंमत कराराच्या एका ओळीने ठरते ती अशी.

स्पर्धा कायदा, २००२ चा उपयोग थोडा अधिक. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड केला. विक्रेत्यांनी ग्राहकांना ठरावीक मर्यादेपलीकडे सूट देऊ नये, यासाठी कंपनी गुप्तपणे ग्राहक पाठवून पाहणी करीत होती आणि मर्यादा मोडणाऱ्यांकडून दंड घेत होती, असा आयोगाचा निष्कर्ष. कंपनी अपिलात गेली आणि त्या आदेशास स्थगिती मिळाली. ह्युंदाईवरील ८७ कोटींचा असाच दंड अपील न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये रद्द केला होता. मारुतीचे प्रकरण सुरू झाले ते महाराष्ट्रातील विक्रेत्यांविषयीच्या एका निनावी ई-मेलने. पाठवणाऱ्याने स्वतःस विक्रेता म्हटले, नाव मात्र दिले नाही. कोणत्याही आकडेवारीपेक्षा हे अधिक बोलके आहे.

साठ्याचे ओझे हा दुसरा जुना घाव. बीएस-४ गाड्यांची विक्री ३१ मार्च २०२० नंतर बंद करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच दिला होता. शेवटच्या आठवड्यात टाळेबंदी आली आणि न विकलेल्या गाड्या विक्रेत्यांच्या आवारातच उभ्या राहिल्या. २०२४ च्या सप्टेंबरात प्रवासी गाड्यांचा साठा ८० ते ८५ दिवसांच्या विक्रीइतका साचल्याचे ‘फाडा’ने सांगितले, तो २१ दिवसांचा असावा अशी तिची भूमिका आहे.

उद्योगविषयक संसदीय स्थायी समितीने डिसेंबर २०२० च्या अहवालात विक्रेत्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायद्याची शिफारस केली. असा कायदा करताना अमेरिकेचे सर्वच काही उचलणे शहाणपणाचे नाही. तेथील अनेक राज्यांत उत्पादकाने ग्राहकास थेट गाडी विकण्यासच मनाई आहे. त्याने विक्रेता जगतो, पण ग्राहकाचा पर्याय जातो. विक्रेत्याच्या प्रदेशाला कायमची तटबंदी घालणेही तसेच. पूर्वसूचनेची किमान मुदत, सबळ कारण, मागणीविना आलेला साठा नाकारण्याचा हक्क, करारसमाप्तीनंतर गाड्या, सुटे भाग आणि खास हत्यारे परत घेण्याचे बंधन, आणि विक्रेत्याच्या गावाजवळ दाद मागण्याची सोय, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. लवाद नेमण्याचा एकतर्फी अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवला, ही त्या दिशेने झालेली एक सोय आहे.

मसुदा करणाऱ्यांनी व्याख्येकडे विशेष लक्ष पुरवावयास हवे. मर्सिडीज-बेंझने २०२१ च्या ऑक्टोबरपासून भारतात नवी पद्धत आणली. साठा कंपनीचा, किंमत देशभर एक, बिल कंपनीचे, आणि विक्रेत्यास प्रत्येक गाडीमागे मोबदला. न विकलेल्या गाडीचे व्याज यात विक्रेत्याच्या माथ्यावर राहत नाही. दालन आणि कार्यशाळेची गुंतवणूक मात्र राहते. केवळ गाडी विकत घेऊन विकणारा तो विक्रेता, अशी व्याख्या झाली, तर असा मोबदल्यावर काम करणारा व्यापारी नव्या कायद्याच्या बाहेरच राहील आणि त्याला पुन्हा १८७२ च्या कायद्यातील अभिकर्त्याविषयीची कलमे उघडून बसावे लागेल.