गाडी स्लोला दम सोडते तेव्हा



आज भाजीच्या भावाबद्दल नाही, तर भाजी बाजारात नेणाऱ्या गाडीबद्दल बोलू या. आता बऱ्याच गटांनी कर्ज काढून पिकअप घेतली आहे. चालवायला कुणाचा तरी मुलगा किंवा दीर असतो, पण हप्ता आपण भरतो. मग गाडीला काय होतंय, हेही आपल्याला कळायला हवं.

आमच्या गटाची डिझेल पिकअप जुन्नरकडून टोमॅटोचे क्रेट घेऊन माळशेज घाटाने कल्याणला जाते. मागच्या पावसाळ्यात ती सकाळी लवकर सुरूच होईना. सेल्फ मारून मारून सुरू झाली, की रेस आपोआप वर-खाली व्हायची. पाय उचलला की बंद. गॅरेजवाले म्हणाले, "इंजेक्टर गेलेत, 40,000 लागतील." एवढे पैसे खात्यात नव्हते, म्हणून तशीच चालवली. ती आमची चूक.

एकदा घाट उतरताना पुढच्या गाड्या थांबल्या. चालकाने क्लच दाबला आणि इंजिन बंद पडलं. दोनदा ब्रेक दाबल्यावर पॅडल दगडासारखं कडक झालं, स्टिअरिंग जड झालं. हँडब्रेक ओढून कशीबशी गाडी थांबली. मी शेजारीच बसले होते. ब्रेकला आणि स्टिअरिंगला जोर मिळतो तो चालत्या इंजिनाकडून. इंजिन बंद, की तो जोर संपला. म्हणून स्लोला बंद पडणारी गाडी भरून घाटात न्यायचीच नाही.

त्यानंतर एका जुन्या मिस्त्रींनी आम्हाला शिकवलं, की आधी स्वस्तातलं तपासायचं, महागाचं शेवटी. ते मी तुम्हाला सांगते.

सगळ्यात आधी, त्रास कधी होतो ते वहीत लिहा. फक्त सकाळी, की गरम झाल्यावरही? रेस वर-खाली होते, की एका लयीत धक्के बसतात? धूर कोणत्या रंगाचा? काळा धूर असेल तर बहुतेक हवा कमी पडतेय. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल नीट जळत नाही. निळा असेल तर ऑइल जळतंय. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो का, तेही लिहा.

दुसरं, एअर फिल्टर. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर तो लवकर भरतो. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नाही. हलकेच झटकायचा, फारच काळा झाला असेल तर बदलायचा.

तिसरं, डिझेल फिल्टर. डिझेलमध्ये पाणी असेल तर ते जड असल्यामुळे खाली बसतं. बऱ्याच गाड्यांत फिल्टरच्या तळाला ते सोडायचा स्क्रू असतो. इंजिन बंद ठेवून ते काचेच्या बाटलीत काढा. थोड्या वेळाने खाली पाण्याचा वेगळा थर दिसला, तर दुखणं सापडलं. फिल्टर शेवटचा कधी बदलला, याची नोंद नसेल तर बदलूनच टाका.

चौथं, गाडीने हवा धरली आहे का? आमच्या गाडीत पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. नळीला बारीक चीर असली, तर डिझेल गळत नाही, उलट हवा आत शिरते. रात्रभरात नळीतलं डिझेल मागे टाकीत उतरतं, म्हणून सकाळी सेल्फ मारत बसावं लागतं. मिस्त्रींनी पंपाच्या अलीकडे तात्पुरती पारदर्शक नळी लावली. आत बुडबुडे पळताना आम्ही सगळ्याजणींनी पाहिले. क्लॅम्पखाली रबरी नळी चिरली होती. नळी आणि दोन क्लॅम्प बदलले, हातपंपाने हवा काढली, आणि गाडी शांत झाली. खर्च काही शेकड्यांत भागला.

रेस स्थिर आहे, पण केबिन नुसतं थरथरतंय, तर इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ती माउंटिंग बघायला सांगा.

एवढं करूनही धक्के बसत असतील, तर मग इंजेक्टर, काजळीने भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन. ते मिस्त्रीचं काम. पण इंजेक्टर बदलण्याआधी ते मशीनवर तपासून घ्या आणि कोणता खराब आहे ते दाखवायला सांगा. इंजेक्टर खरंच गेलेले असतील तर खर्च करावाच लागेल. पण बघितल्यावर करू, ऐकून नाही.

आता तीन गोष्टी मुळीच करायच्या नाहीत. बॉनेट उघडताना पदर, ओढणी, वेणी मोकळी ठेवायची नाही. पंखा आणि पट्टा कुणाला ओळखत नाही. नव्या कॉमन रेल गाडीत इंजेक्टरकडे जाणारी धातूची नळी चालू इंजिनावर सैल करायची नाही. तिथल्या दाबाने डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. आणि दोष न शोधता कुणी "रेस थोडी वाढवून देतो" म्हणालं, तर नको म्हणा. दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही.

आमच्या गटात आता हप्त्याच्या वहीशेजारी गाडीची वही असते. फिल्टर कधी बदलला, काय बिघडलं, किती खर्च झाला, सगळं त्यात. गॅरेजमध्ये जाताना चालकाबरोबर आमच्यातली एकजण ती वही घेऊन जाते. पुढच्या मासिक बैठकीत तुम्हीही अशी वही सुरू करा.