लहान मोटारीचा संसार



आजचा विषय वाचून काही मंडळींच्या कपाळावर आठी चढली असेल, हे आम्ही जाणून आहोत. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ केला, आणि तेव्हापासून वसंतात भारदस्त विषय ऐकावयाचे असा प्रघात महाराष्ट्रात पडून गेला. तेथे लहान मोटारीला कोण विचारतो? परंतु मध्यम स्थितीतला माणूस आयुष्यात दोनच मोठ्या खरेद्या करतो, एक घराची आणि दुसरी मोटारीची. घराने फार तर शेजाऱ्याचे ऊन अडते. मोटार रोज उठून सार्वजनिक रस्त्यावर जाते, आणि तिच्या मालकाला कितपत अक्कल आहे यावर चार अनोळखी माणसांचे हातपाय अवलंबून असतात. एवढ्या कारणासाठी तरी तासभर तिच्याविषयी बोलणे गैर नाही.

आम्ही बोलणार आहोत ते मारुती ८०० या गाडीविषयी. विषयाचे तीन भाग आम्ही केले आहेत: ती बाळगणे, ती हाकणे आणि तिच्यात फेरफार करणे. पहिल्या दोहोंत आपण सारे पारंगत आहोत असे प्रत्येकाला वाटते. तिसऱ्याबद्दल हौस फार आणि विचार थोडा, म्हणून त्यावर जास्त वेळ घेऊ.

प्रथम थोडा इतिहास. १९८० च्या सुमारास मोटार घ्यावयाची तर मुख्यतः दोनच नावे डोळ्यांपुढे येत, अँबॅसडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी. पैसे हातात असले तरी गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. लहान आणि स्वस्त गाडी देशात व्हावी ही इच्छा मात्र जुनी होती. आपल्या इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतःच्या कल्पकतेने बनवली होती. तिचे नमुने तयार झाले, पण बाजारात ती कधी आली नाही. १९७१ साली मारुती या नावाने निघालेली पहिली कंपनीही लोकांना गाडी देऊ शकली नाही. पुढे १९८१ साली सरकारने मारुती उद्योग स्थापन केला, १९८२ साली जपानच्या सुझुकी कंपनीशी करार झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली. किंमत ५० हजारांच्या आसपास होती, आणि १० हजार रुपये अनामत भरून लाखाहून अधिक लोक रांगेत उभे होते. ज्याच्या बापाने सायकल आणि स्वतः त्याने स्कूटर वापरली, असा माणूस या गाडीमुळे प्रथम छपराखाली बसून प्रवासाला निघाला.

आता ही गाडी म्हणजे आहे तरी काय? तीन सिलिंडरांचे, ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन. ते आडवे बसवलेले, आणि त्याची ताकद पुढच्या चाकांना दिलेली. हे आडवे बसवणे नुसती कारागिराची लहर नव्हे. इंजिन आडवे असल्याने नाक आखूड झाले, आणि मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा नाहीसा झाल्याने आतली जमीन जवळजवळ सपाट राहिली. त्यामुळे सव्वातीन मीटरांहून थोड्याच अधिक लांबीत चार माणसांना पाय ठेवायला जागा मिळाली. वजन सुमारे ६५० किलो. अँबॅसडर अकराशे किलोंच्या पुढची, म्हणजे हिच्या दीडपटीहून अधिक. १९८६ साली आलेल्या नव्या बांध्यात मागचे दार पुरते वर उचलले जाई. मागची पाठ पुढे पाडली की चार माणसांची गाडी घटकेत सामानाची होई. आंब्याच्या पेट्या, दुरुस्तीला न्यायचे शिवणयंत्र, मुलीच्या वसतिगृहाची गादी, असे काय काय त्या दारातून आत गेले नाही?

गाडी बाळगणे म्हणजे काय, हे पहिल्या दसऱ्याला कळत नाही. त्या दिवशी झेंडूचा हार असतो, हळदकुंकू असते, चाकाखाली लिंबू असते. बाळगणे कळते ते चौथ्या-पाचव्या वर्षी. वळण घेताना पुढच्या चाकातून टकटक आवाज येऊ लागतो. चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावर रबराचे एक टोपण असते. ते फाटले की आतले ग्रीस उडून जाते, धूळ आत शिरते आणि सांधा झिजतो. टोपण थोडक्या पैशांत बदलता येते, सांध्याला त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात. गाडीखाली वाकून पाहण्याची ज्याला सवय आहे तो टोपणावर सुटतो. ज्याला नाही तो सांध्याचे पैसे भरतो आणि मग गाडीलाच नावे ठेवतो. इंजिनातल्या झडपांची वेळ सांभाळणारा दातेरी पट्टाही तसाच. तो कुरकुर करून सूचना देत नाही, एक दिवस तुटतो आणि गाडी जागच्या जागी थांबते. म्हणून त्याची मुदत दिवाळीच्या खर्चासारखी वहीत मांडून ठेवावी. कोकणात गाडी असेल तर खाऱ्या वाऱ्याचा हिशेब वेगळा. दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती चिखलाने बुजली की दार आतून कुजते. वरून रंग झळझळीत आणि आत गंज, हा प्रकार माणसांत जितका आढळतो तितकाच मोटारींतही आढळतो.

आता हाकण्याविषयी. लहान इंजिनाच्या गाडीने माणसाला एक मोठी गोष्ट शिकवली, ती म्हणजे आगाऊ विचार. मोठ्या गाडीत चूक झाली तर पाय दाबून निभावता येते, येथे तशी शिल्लक नसते. घाट चढताना चढ दिसताच खालचा गिअर घ्यावा लागतो. वेग पुरता मेल्यावर घेऊ म्हणणारा अर्ध्या वळणावर अडकतो. वातानुकूलन यंत्र चालू असेल तर तेही याच इंजिनाच्या ताकदीतून आपला वाटा उचलते, म्हणून खंबाटकीच्या चढाला ते क्षणभर बंद करणारी मंडळी कंजूष नसतात, हिशेबी असतात. उतारावर ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम आहे. इंजिन स्वतः गाडीला धरून ठेवते, ब्रेक तापत नाहीत. इंधन वाचवण्यासाठी उतारावर गिअर काढून गाडी सोडून देणारे लोक मात्र दहा रुपयांच्या पेट्रोलसाठी सारे कुटुंब पणाला लावतात.

येथे थोडे गणित करू. गाडी ६५० किलोंची. तिच्यात सरासरी ६५ किलोंची चार माणसे बसली म्हणजे २६० किलो भर पडली. गाडीच्या वजनाच्या ही चाळीस टक्के आहे. मोठ्या गाडीला चार माणसे बसल्याची जाणीव थोडी होते, लहान गाडीचा मात्र स्वभावच बदलतो. ती उशिरा थांबते आणि वळणावर अधिक झुकते. त्यात वेगाची गोष्ट अशी की वेग दुप्पट झाला तर थांबवावयाची ऊर्जा चौपट होते. ताशी ४० वर जी गाडी ब्रेक दाबल्यापासून समजा दहा मीटरांत थांबत असेल, तिला ८० वर चाळीस मीटर लागतील. हे ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर झाले, दाबावा हे मनात येईपर्यंतचे निराळे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शेजारून मोठी बस गेली की ही हलकी गाडी बाजूला ढकलली गेल्यासारखी होते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. ती गाडी भ्याली असे नव्हे. तिचे वजन तेवढे आहे. आपले वजन ओळखून वागणे हा शहाणपणाचा पहिला धडा आहे, मग तो मोटारीचा असो वा माणसाचा.

आता तिसरा भाग. गाडी घरी आली की सहा महिन्यांत मालकाच्या मनात येते, हिला आपल्या मनासारखी करावी. ही इच्छा नैसर्गिक आहे, आणि आम्ही तिची थट्टा करणार नाही. भाड्याच्या खोलीतही माणूस खिळा ठोकून आपले चित्र लावतो. प्रश्न एवढाच की खिळा भिंतीत ठोकतो आहोत की तुळईत.

फेरफारांचे आम्ही तीन वर्ग करतो. पहिला गरजेचा. जुन्या गाडीचे दिवे मंद वाटतात म्हणून लोक जास्त शक्तीचे बल्ब घालतात, आणि सारी वीज त्याच बारीक तारांतून व खटक्यातून जाऊ देतात. खटका तापतो, तारेवरचे आवरण वितळते आणि कधी आगच लागते. दिव्याला बॅटरीकडून रिलेमार्फत जाड तारेने वीज दिली, तर पुष्कळदा पहिला बल्बच उजळ दिसू लागतो. समोरच्याच्या डोळ्यांत सुई खुपसल्यासारखा प्रकाश मारण्याची गरज उरत नाही. सीएनजीचे यंत्र बसवणे हाही गरजेचाच फेरफार. त्याला कायद्यात वाट आहे, पण ते मान्यताप्राप्त असावे, नोंदणीपुस्तकात चढवावे आणि टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी. शिवाय ती भरलेली पोलादी टाकी म्हणजे मागे कायमचा बसलेला एक पाहुणा आहे, हे धरून मागच्या स्प्रिंगांकडे आणि टायरांतल्या हवेकडे लक्ष द्यावे. या वर्गातला सर्वांत सुंदर फेरफार म्हणजे पायाने अधू असलेल्या माणसासाठी हाताने चालवण्याची सोय. क्लच, ब्रेक आणि वेग हातांशी आणून दिले की ज्याला दुसऱ्याच्या सोयीने बाहेर पडावे लागे, तो स्वतःच्या वेळेला स्वतःच्या कामाला जातो. सुधारणा हा शब्द येथे पुरता शोभतो.

दुसरा वर्ग हौसेचा. आसनाला नवे कापड, बरे गाणे वाजवणारे यंत्र, मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’. याला कोणाचीच हरकत असू नये. काळ्या कागदाची मात्र असावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काचांवरच्या काळ्या कागदाला मनाई केली, ती लहरीने केली नाही.

तिसरा वर्ग घातक फेरफारांचा, आणि तो हौसेचेच कपडे घालून येतो. गाडीची मूळ चाके बारा इंची. ती लहान दिसतात म्हणून मोठी व रुंद चाके घालतात. समजा चाकाचा एकंदर व्यास दहा टक्क्यांनी वाढला. वेगमापक तर चाकाचे फेरेच मोजतो, म्हणून काटा ७० दाखवील तेव्हा गाडी ७७ वर असेल. चालक काट्यावर विश्वासून वळणात शिरेल. आधीच अशक्त असलेल्या इंजिनाला प्रत्येक फेऱ्यात जास्त अंतर ओढावे लागेल, म्हणजे चढावर ते अधिक दमेल. ब्रेकची पकड तेवढीच राहून चाक मोठे झाल्याने थांबवण्याची ताकद कमी पडेल. पूर्ण वळवल्यावर टायर पत्र्याला घासेल तो भाग निराळाच. एका चाकाच्या हौसेने गाडीची चार हिशेब जुळवून केलेली मांडणी मोडली. पुढे लोखंडी दांड्यांचा कठडा बसवण्याचेही तसेच. धडकेत पत्रा चेपतो तो धक्का गिळण्यासाठी. कठडा तो धक्का थेट सांगाड्याकडे आणि तेथून आतल्या माणसाकडे पोचवतो, आणि रस्त्यावरच्या पादचाऱ्याला पत्र्याऐवजी लोखंड लागते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये अशा कठड्यांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळवले, ते यासाठी.

काही तरुण मित्र म्हणतात, गाडी आमची, पैसे आमचे, मग सरकारला काय करावयाचे? मोटार वाहन अधिनियम १९८८ मधील ५२ वे कलम याचे उत्तर देते: निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. आम्ही कायद्याचा धाक घालण्यासाठी हे सांगत नाही. कायदा नसता तरी आम्ही हेच म्हटले असते. खिशातले घड्याळ बिघडवले तर वेळ तुमची चुकते. रस्त्यावरची मोटार बिघडवली तर त्याचा भोग दुसऱ्याच्या मुलाला येऊ शकतो. म्हणून मोटारीच्या मालकीत राखणदारीचा अंश मोठा आहे. जे आपण बदलतो त्याची किंमत दुसरा कोणी भरणार नाही ना, एवढा एक प्रश्न विचारला तर आमच्या मते निम्मे वाद मिटतील.

शेवटी एक कठीण प्रश्न. एप्रिल २०१० मध्ये प्रदूषणाचे नवे निकष तेरा शहरांत लागू झाले, त्यांत आपली मुंबई, पुणे आणि सोलापूर ही होती, आणि तेथे या गाडीची विक्री थांबली. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादनही संपले. म्हणजे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक गाडी जुनी आहे. पंधरा वर्षे पुरी झाली की तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. ती ठेवावी की मोडीत द्यावी? भावना म्हणते ठेवावी, कारण हिच्यातून पोरगी सासरी गेली, हिच्यातून आजोबा इस्पितळात गेले. पण हेही खरे की हिच्यात हवेच्या पिशव्या नाहीत, आणि आजच्या रस्त्यावरचा वेग १९८३ चा राहिलेला नाही. आमचे मत असे आहे: गाडी तपासणीत खरोखर उतरत असेल, सांगाड्याला गंज नसेल आणि गावातल्या गावात, मंद वेगाने, पट्टे बांधून वापरावयाची असेल, तर ती जरूर सांभाळावी. दुरुस्त करून वापरणे हा आपल्या घरांचा चांगला संस्कार आहे. परंतु रोज शंभर किलोमीटर द्रुतगती मार्गाने मुलांना घेऊन जावयाचे असेल, तर ममता बाजूला ठेवावी. तपासणीचा दाखला ओळखीने मिळवणारा माणूस गाडीवर प्रेम करीत नसतो, तो तिच्या नावावर धोका पत्करीत असतो, आणि तोही बहुधा दुसऱ्यांच्या जिवाचा.

एका पिढीला या लहान मोटारीने फिरणे दिले, आणि थोडक्यात भागवण्याची शिस्तही दिली. जागा थोडी, ताकद थोडी, टाकी २८ लिटरची, आणि तरीही संसार झाला. पुढची गाडी विजेची असो की आणखी कशाची, ती बाळगताना, हाकताना आणि बदलताना एवढी शिस्त आपण सोबत नेली, तर त्या गाडीचे ऋण फिटले असे आम्ही समजू.