खेळाडू आणि पोटाचा प्रश्न



खेळावर व्याख्यान म्हटले, की आता व्यायामाचे महत्त्व ऐकावे लागणार अशी श्रोत्यांची समजूत होते. आम्ही त्या वाटेला जाणार नाही. आज आपणांपुढे एक रोकडा प्रश्न ठेवायचा आहे. कॉलेजात नाव मिळवलेला एक खेळाडू आहे, त्याचा गुडघा दुखावला आहे, आणि नेमके त्याच वेळी पैसे घेऊन खेळण्याचे बोलावणे आले आहे. त्याने काय करावे?

अमेरिकेत मार्कस लॅटिमोर या तरुणापुढे हा प्रश्न उभा राहिला. तिकडचा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हाती घेऊन, अंगावर येणाऱ्यांना चुकवीत वा धडका देत धावण्याचा तो खेळ. साउथ कॅरोलिना विद्यापीठाचा हा गाजलेला खेळाडू. २०११ साली त्याचा डावा गुडघा गेला, २०१२ साली उजवा. तरीही २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या धंदेवाईक संघाने त्याला निवडले, आणि २०१४ च्या नोव्हेंबरात, मोसमातला एकही सामना न खेळता, तेविसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. त्या काळी तिकडच्या कॉलेज-खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे आपल्या नावावर कमाई करण्यास मनाई होती. ती २०२१ मध्ये उठली. म्हणजे भरल्या मैदानावर खेळून गुडघे गेले ते फुकट, आणि मोबदल्याची वेळ आली तेव्हा गुडघे उरले नव्हते. त्याने धंद्याची वाट धरली म्हणून त्याला कोण दोष देईल?

'धंदेवाईक' हा शब्द आपण जरा नाक मुरडूनच उच्चारतो. वैद्याने फी घ्यावी, गवयाने बिदागी घ्यावी, पण खेळाडूने मात्र हौसेवर जगावे! जिम थॉर्प याने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकली. पूर्वी बेसबॉल खेळून त्याने थोडे पैसे घेतले होते, एवढ्यावरून ती काढून घेण्यात आली. ती १९८३ मध्ये त्याच्या मुलांच्या हाती परत पडली. तो स्वतः १९५३ मध्येच वारला होता. हौस ही भरल्या पोटाला शोभते. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत आहे, त्याला हौशी राहा म्हणणे म्हणजे खेळू नकोस असेच सांगणे होय.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते आपल्या वजनगटात सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे, तर पैसा नाही. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी गुरूचे घर सोडवले, असे सांगतात. पदकाने कीर्ती आली. कर्ज मात्र फडातल्या पैशानेच फिटले!

पुढे मेलबर्नच्या १९५६ च्या ऑलिंपिकची उमेद होती, पण गुडघ्याच्या दुखापतीने ती खुंटवली. खाशाबा १९५५ मध्ये फौजदार म्हणून पोलीस खात्यात दाखल झाले होते. गुडघ्याने साथ सोडली तरी चूल विझली नाही. खात्यात त्यांनी इतरांना कुस्तीचे धडे दिले, आणि पुढे सहायक पोलीस आयुक्तपदापर्यंत ते पोहोचले. लॅटिमोर आणि खाशाबा यांच्या धैर्यात आम्हांला उणे-अधिक दिसत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की जायबंदी खेळाडूचा निर्णय हा छातीचा प्रश्न नसून, गुडघ्याचा भार कोण उचलणार हा प्रश्न आहे.

चिकलठाण्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. इथल्या औद्योगिक वसाहतीत यंत्रात बोट सापडले, तर ते कामगाराचे नशीब म्हणून सोडून देता येत नाही. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला, कामगार राज्य विम्याचा १९४८ साली, म्हणजे खाशाबा लंडनला गेले त्याच वर्षी. पण त्याच कामगाराचा मुलगा मैदानावर पडला, तर भुर्दंड बहुधा बापाच्याच खिशाला. टाळ्या गावाच्या, आणि प्लास्टर घरचे!

२०१४ साली प्रो कबड्डी आणि इंडियन सुपर लीग सुरू झाल्यापासून हे बोलावणे आपल्या मुलांच्या दारीही येऊ लागले आहे. ते आले, तर आईबापांनी तीन गोष्टी विचाराव्यात. गुडघा बरा झाला असे कोण म्हणतो, संघाचा डॉक्टर की आपला? गुडघ्यातला तुटलेला बंध शस्त्रक्रियेने नवा बसवता येतो. पण अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात परतण्यापूर्वी निदान नऊ महिने धरावेत, कारण घाई करणाऱ्याचा गुडघा पुन्हा जाण्याचे भय मोठे. दुसरे, पुन्हा दुखापत झाली तर खर्च आणि पगार कोणाकडे, हे करारात लिहिले आहे काय? तोंडच्या शब्दावर बैलही कोणी विकत घेत नाही. तिसरे, अर्धी राहिलेली पदवी पुरी करण्याची वाट मोकळी आहे काय? महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत. पण पदाला लागणारी शैक्षणिक पात्रता पदकाने भरून निघत नाही.

तिन्ही उत्तरे समाधानाची आली, तर त्याने खुशाल धंदेवाईक व्हावे. न आली, तर थांबावे; त्या थांबण्याला भित्रेपणा म्हणण्याचा अधिकार प्रेक्षकाला नाही.

राहता राहिले आपण. यात्रेत कुस्त्यांसाठी वर्गणी काढताना रुपयातला एक आणा जायबंदी पैलवानाच्या औषधपाण्यासाठी वेगळा ठेवावा, एवढे आमचे मागणे आहे. खर्डेकरांनी घर गहाण टाकले. आपणांस कोणी घर मागत नाही.