मळ्यांतील मित्र आणि शत्रु

वांग्याच्या पानांवर दोन प्रकारचे भुंगेरे आढळतात. दोन्ही लहान, वाटोळे, तांबूस आणि ठिपकेदार. एकाची ७ ठिपक्यांची पाठ चकाकते. दुसऱ्याच्या पाठीवर २८ ठिपके असून बारीक लव असल्यामुळें ती निस्तेज दिसते. पहिला माव्याचा फन्ना उडवितो. दुसरा पान खरवडून त्याची जाळी करितो. एक राखणदार, दुसरा चोर. ज्यास हा भेद ठाऊक नाहीं, तो दोघांवरही एकच औषध फवारतो, आणि चोराबरोबर राखणदारही मरतो.

हा भेद शिकविणाऱ्या शाळेस भिंती नसतात. इंडोनेशियांत भातावर तपकिरी तुडतुड्यांनीं कहर मांडिला, तेव्हां औषधांच्या माऱ्यानें त्यांचे वैरी असलेले कोळीच मरत आहेत, असें आढळून आलें. १९८६ मध्यें तेथील सरकारनें भातावर ५७ कीटकनाशकें वापरण्यास मनाई केली, आणि १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेच्या साह्यानें जावा बेटांत शेतीशाळा भरूं लागल्या. पुढें ही पद्धति भाजीपाल्यासही लागू झाली. महाराष्ट्राचें कृषि खातेंही अशा शाळा भरवितें.

शाळेचा क्रम साधा असतो. सुमारें २५ शेतकरी हंगामभर ठराविक दिवशीं बांधावर जमतात. लहान गट करून कांहीं झाडें शेंड्यापासून बुंध्यापर्यंत तपासतात, कीड किती व मित्रकीटक किती हें मोजून कागदावर चित्र काढतात, आणि फवारणी हवी कीं नको याचा निर्णय चर्चा करून घेतात. अनोळखी किडा दिसल्यास त्याला माव्यासह बरणींत ठेवून तो काय खातो तें पाहतात.

वांग्याचा मान टाकलेला शेंडा चिरला, तर आंत पोखरणारी अळी सांपडते. तेथवर फवारा पोंचत नाहीं, हें शेतकरी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतो. असे शेंडे व किडकीं फळें दर आठवड्यास खुडून नष्ट करणें आणि नर पतंगांसाठीं कामगंध सापळे लावणें, हा त्यावरील उपाय. परंतु शेजाऱ्यानें किडके शेंडे तसेच ठेविले, तर तेथील पतंग बांध ओलांडून येतातच. म्हणून हें शिक्षण एकट्यादुकट्याचें नव्हे, साऱ्या शिवाराचें आहे.

ज्याची शेती दहा गुंठ्यांची आणि औषध उधारीचें, त्याला एक व्यर्थ फवारणी टळली तरी मोठा आधार होतो. तीच भाजी त्याच्या मुलांच्याही ताटांत जात असते.