कथाखेळांचे लेखक आणि प्रकाशनाच्या वाटा

पोलादपूर येथें कवींद्र परमानंदाची समाधि आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता आणि आंबेनळीच्या घाटानें महाबळेश्वराकडे चढणारा रस्ता या गांवीं एकमेकांस मिळतात. परंतु वाहनाच्या घाईंत असलेल्या प्रवाशांपैकीं फारच थोड्यांचें लक्ष त्या समाधीकडे जातें. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून परमानंदानें 'शिवभारत' रचावयास घेतलें. काशीचे पंडित विचारतात आणि कवि उत्तरादाखल चरित्र सांगत जातो, अशी त्या काव्याची मांडणी आहे. एकतीस अध्याय पुरे झाले, बत्तिसावा अपुरा राहिला, आणि ग्रंथ पुढें सुमारें अडीचशें वर्षें हस्तलिखितांतच राहिला. तंजावरच्या संग्रहांतील पोथीवरून सदाशिव महादेव दिवेकर यांनीं तो संपादून १९२७ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां कोठें तो सामान्य वाचकाच्या हातीं पडला.

सांगणारा एक आणि भोंवतीं विचारणारे चारपांच, अशाच मांडणीचा एक खेळ गेल्या पन्नास वर्षांत पाश्चात्य देशांत वाढला आहे. त्यास कथाखेळ म्हटलें तर चालेल. मेजाभोंवतीं बसलेल्यांपैकीं एकजण सूत्रधार होऊन प्रसंगाचें वर्णन करतो. बाकीचे एकेक पात्र पत्करतात, आणि त्या पात्रानें त्या प्रसंगीं काय करावें तें बोलून दाखवितात. गोष्ट अवघड असेल तर फांसा टाकावयाचा, आणि पडेल त्या दानानें यशापयश ठरावयाचें. या खेळास पट नसला तरी चालतो. पुस्तक मात्र लागतें. एक नियमांचें, आणि दुसरें सूत्रधारानें रंगवावयाच्या प्रसंगांचें. अशीं पुस्तकें लिहून देणें हा आतां एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे, आणि तो घरीं बसून करतां येण्याजोगा असल्यामुळें महाड-पोलादपुराकडील होतकरू लेखकासही खुला आहे.

अशा लेखकास सामग्रीची वाण नाहीं. बाणकोटच्या खाडीवाटे आलेला माल उतरून घेणारी महाडची जुनी पेठ, गांधारपाल्याचीं लेणीं, उमरठ येथील तानाजी मालुसऱ्यांची समाधि, चंद्रगडाच्या पायथ्याच्या ढवळे गांवाहून मढीमहालाकडे चढणारी घाटवाट, हें सारें त्याच्या दाराशीं आहे. श्रावणांतील रात्र आहे, सावित्रीला पूर आला आहे, आणि पांच वाटसरूंना पहांटेपूर्वीं घाटमाथ्यावर निरोप पोंचवावयाचा आहे, एवढी कल्पनाही पुरे होते. पूर ओसरण्याची वाट पाहावी कीं रानांतून चढावें, वाटाड्यावर विश्वास ठेवावा कीं न ठेवावा, या प्रत्येक निवडीचें पर्यवसान लेखकानें अगोदर योजून ठेवावें लागतें. असें पन्नास पृष्ठांचें लेखन सिद्ध झालें म्हणजे तें द्यावें कोणास, हा प्रश्न उभा राहतो. वरवर तो पैशाचा दिसतो. मुळांत तो स्वामित्वाचा आहे.

या खेळाचा इतिहासच त्याची साक्ष देईल. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या जातीचा पहिला छापील खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं रचिला. गायगॅक्सनें एका मित्राच्या भागीदारींत १९७३ सालीं अमेरिकेंतील लेक जिनिव्हा या गांवीं लहानशी कंपनी काढली, आणि १९७४ सालीं तीन पुस्तिका एका पेटींत घालून पहिल्या एक हजार प्रती विक्रीस ठेविल्या. खेळाचा बोलबाला झाला. परंतु १९७९ सालीं आर्नेसनला मानधनासाठीं न्यायालयांत जावें लागलें, आणि १९८१ सालीं तडजोड झाली. गायगॅक्सच्या हातूनही १९८५ सालीं कंपनीचा ताबा गेला. पुढें १९९७ सालीं ती कंपनीच 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या दुसऱ्या कंपनीनें विकत घेतली. खेळ वाढला; निर्माते मात्र त्यास पारखे झाले.

आज लेखकापुढें चार वाटा दिसतात. पहिली वाट मोठ्या प्रकाशकासाठीं लिहून देण्याची. प्रकाशक ठरलेला मजकूर मागवितो आणि शब्दागणिक मोबदला देतो. संपादन, चित्रें, मुद्रण आणि विक्री यांची चिंता लेखकास राहत नाहीं, आणि नांव दूरवर जातें. कलकत्त्याच्या मिमी मंडल यांनीं बंगालच्या भूमीवरून सुचलेली एक कथा लिहिली, ती 'विझर्ड्स'च्या २०२२ सालच्या संग्रहांत आली. म्हणजे भारतीय निसर्ग आणि रीतिभाती यांना त्या दरबारीं प्रवेश आहे. परंतु अशा वाटेवर बहुधा सर्व हक्क प्रकाशकाचे, असा करार असतो. अमेरिकन कायद्यांत तर ठराविक प्रकारचें लेखन लेखी कराराने मागवून घेतलें असल्यास मागविणाराच त्याचा कर्ता समजला जातो. मग ढवळ्याच्या वाटेवर कल्पिलेल्या त्या वाटाड्यावर पुढें कादंबरी लिहावीशी वाटली, तर त्याच्या जनकालाच परवानगी मागावी लागेल.

दुसरी वाट 'डंजन मास्टर्स गिल्ड' या विक्रीपेढीची. ती २०१६ सालीं निघाली. 'विझर्ड्स'नें निर्माण केलेलीं जगें आणि पात्रें तेथें वापरावयास मिळतात, गिऱ्हाईक तयार असतें, आणि किंमतीचा निम्मा भाग लेखकास देण्याच्या बोलीवर ती सुरू झाली. मात्र तेथें दिलेलें लेखन अन्यत्र प्रसिद्ध करतां येत नाहीं, आणि त्यांत लेखकानें नव्यानें घातलेल्या पात्रांचा व स्थळांचा उपयोग त्याच पेढीवरील इतर लेखकांस करतां येतो. परक्याच्या वाड्यांत बिऱ्हाड करून राहावें, तशी ही सोय आहे. लिहिण्याचा हात बसविण्यास ती उत्तम. आपल्या गांवाची कथा मांडण्यास ती अपुरी.

तिसरी वाट खुल्या नियमांची. २००० सालापासून या खेळाचे मूळ नियम एका खुल्या परवान्याखालीं इतरांस वापरतां येत. २०२३ च्या जानेवारींत तो परवाना बदलण्याचा घाट घातला गेला, तेव्हां खेळणारांनीं आणि लेखकांनीं एवढा विरोध केला कीं त्याच महिन्यांत नियमांचा मोठा भाग 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखालीं मोकळा झाला. आतां योग्य तो श्रेयनिर्देश करून कोणीही त्यांच्या आधारें स्वतःचा ग्रंथ छापून विकावा. 'ड्राइव्हथ्रूआरपीजी' आणि 'इच डॉट आयओ' या पेढ्यांवर असे ग्रंथ विकतात. दुसरीवर तर पेढीचा वांटा किती हें लेखकच ठरवितो. मागणीप्रमाणें एकेक प्रत छापून देण्याची सोय पहिलीवर असल्यामुळें गठ्ठे घरांत पडून राहत नाहींत. परंतु चित्रकार, संपादक आणि जाहिरात हें सारें ज्याचें त्यानें पाहावें लागतें, आणि त्यांतच नवा माणूस थकतो.

चौथी वाट आगाऊ वर्गणीची. २००९ सालीं निघालेल्या 'किकस्टार्टर'नें ती जगभर रूढ केली, तरी महाराष्ट्रास ती नवी नाहीं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं भाग विकून आणि वर्गणीदार मिळवून ज्ञानकोशाचें प्रचंड काम तडीस नेलें. या वाटेचें मर्म एवढेंच कीं, आगाऊ घेतलेला पैसा हें कर्ज आहे. ग्रंथ पुरा लिहून झाल्यावर, आणि छपाई व टपाल यांचा हिशेब मांडल्यावरच त्यास हात घालावा. अपुऱ्या बत्तिसाव्या अध्यायावर वर्गणी मागूं नये.

कोणतीही वाट धरली तरी कायदा लेखकानें जाणावा. भारताच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें स्वतंत्र लेखक हाच आपल्या लेखनाचा पहिला स्वामी असतो. पगारी नोकराची गोष्ट निराळी. हक्क देणें तें लेखी आणि सहीनिशीं द्यावें लागतें. मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. दिलेला हक्क घेणारानें एका वर्षांत वापरला नाहीं, तर करारांत निराळें कांहीं नसल्यास तो संपतो. भाषांतराचा हक्क वेगळा असतो, तो वेगळा राखावा. कारण इंग्रजींत विकलेला ग्रंथ उद्यां मराठींत आणण्याची इच्छा होणारच. मात्र करारांत परदेशचा कायदा लागू केला असेल तर या सवलतींवर विसंबतां येणार नाहीं. म्हणून तेंही कलम वाचून पाहावें. सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं आर. जी. आनंद यांच्या खटल्यांत असेंही ठरविलें कीं, कल्पना, विषय आणि ऐतिहासिक घटना यांवर कोणाची मालकी नाहीं. ती मांडणीवर असते. जावळीचा इतिहास सर्वांचा; त्यावर रचलेली वाक्यें, पात्रें आणि नकाशे ज्याचे त्याचे.

हक्काचा हा आग्रह केवळ द्रव्यासाठीं नाहीं. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या हजारों अनुयायांसह पाणी प्राशन केलें. त्या नगरावर खेळ लिहिणाऱ्यास हें तळें टाळून पुढें जातां येत नाहीं, आणि माणुसकीचा हक्क फांशाच्या दानावर ठेवतांही येत नाहीं. कोणता प्रसंग खेळणारांच्या निवडीवर सोडावा आणि कोणता अढळ सत्य म्हणून उभा ठेवावा, हा विवेक लेखकाचा. सर्व हक्क देऊन टाकल्यावर दुसऱ्यानें त्या प्रसंगाचें सोंग केलें तर थांबविण्याचें साधन फारच तोकडें उरतें. कायद्यानें कर्त्यास विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा विशेष अधिकार दिला आहे खरा. परंतु परदेशांतील प्रकाशकाशीं झगडत बसणें पोलादपूरच्या लेखकास परवडणारें नाहीं.

म्हणून क्रम असा असावा. गिल्डसारख्या पेढीवर एखाददुसरें लहान लेखन देऊन हात बसवावा. पोटासाठीं प्रकाशकाचें शब्दागणिक काम खुशाल करावें, पण तें त्याच्याच जगाबद्दल असावें. आपल्या गांवाची कथा मात्र खुल्या नियमांवर, आपल्या नांवानें आणि आपल्या हक्कानें काढावी, मग ती शंभर प्रतींची कां असेना. ग्रंथास लागणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक भारत सरकारकडून विनामूल्य मिळतो. छापील ग्रंथाची एकेक प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास, आणि मुंबईच्या धरून आणखी तीन ग्रंथालयांस देण्याचा दंडक १९५४ च्या कायद्यानें घातला आहे. तोही जाचक न मानतां पाळावा. परमानंदाचा ग्रंथ तंजावरास एक पोथी राहिली म्हणून वांचला. आजच्या लेखकास आपली प्रत चार ठिकाणीं ठेवून देतां येते, आणि तीवर स्वामी म्हणून आपलें नांवही लिहितां येतें.