‘बदलापूर’ आणि सूडपटाचा रिवाज

फेब्रुवारी २०१५मध्ये श्रीराम राघवन यांचा ‘बदलापूर’ प्रदर्शित झाला. गावाच्या नावाचा सिनेमा म्हणून बदलापूर-अंबरनाथकडे त्याचं अप्रूप असणारच. मला मात्र तो मोलाचा वाटतो तो सूडपटाचा रिवाज त्याने मोडला म्हणून.

हा रिवाज आपल्या अंगवळणी पडलाय. आरंभी नायकाचं घर उद्ध्वस्त होतं, आणि तेवढ्या भांडवलावर पुढचे त्याचे सगळे गुन्हे माफ! ‘शोले’त ठाकूर गब्बरला मारतो असाच मूळ शेवट चित्रित झाला होता. सेन्सॉरमुळे १९७५ साली पडद्यावर ऐनवेळी पोलीस आले. पण प्रेक्षकांनी मनोमन ठाकूरच्याच बाजूने कौल दिला होता.

आता ‘बदलापूर’ची सुरुवात पाहा. पुण्यातला भरदिवसाचा रस्ता. कॅमेरा एका जागी उभा. गाड्या जातायत, माणसं आपापल्या कामात आहेत. नजर कुठे ठेवायची ते दिग्दर्शक सांगतच नाही. मग त्याच चौकटीत बँक लुटून दोघे बाहेर येतात आणि एका बाईची गाडी पळवतात. गाडीत तिचं मूलही आहे. ही सिनेमाचा नायक रघू याची बायको, हे आपल्याला नीट कळायच्या आत मायलेकरं संपलेली असतात. छायाचित्रकार अनिल मेहता यांचा हा संयम मला फार मोठा वाटतो. सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडलं, तरी आपल्याला काही दिसलं नव्हतं.

पुढे रघू पुणे सोडून बदलापूरला येतो. कथा पंधरा वर्षं ओलांडते. त्या दोघा लुटारूंपैकी पकडला गेलेला लियाक तुरुंगात हसतो, थापा मारतो, पळायचे बेत करतो. बाहेरचा रघू मात्र दगड होत जातो. लियाकचा साथीदार हरमन. त्याच्या बायकोचा दरोड्याशी काडीचा संबंध नाही. रघू तिलाही हातोडीने मारतो. इथे नायकाची बाजू घेणं अशक्य होतं.

बदलापूरशेजारचं उल्हासनगर फाळणीत सर्वस्व गमावलेल्या सिंधी कुटुंबांनी लष्करी छावणीच्या बराकींतून उभं केलं. त्यांनी दुःख उराशी धरूनच दुकानं थाटली, पोरं शिकवली. सिनेमात याचा उल्लेखही नाही, पण बदलापुरात बसून पंधरा वर्षं सूड जपणारा रघू पाहताना मला हा शेजार आठवतोच.

शेवटी कर्करोगाने पोखरलेला लियाक रघूने केलेले खून स्वतःच्या अंगावर घेतो. एरवीच्या सूडपटात हा मोठेपणा नायकाच्या खात्यावर पडला असता. इथे तो खुन्याला मिळतो आणि रघू मोकळा सुटतो. लियाकने हे पश्चात्तापाने केलं की मरणाऱ्या माणसाचा तो शेवटचा हिशेब होता, यावर वाद होऊ शकतो. मला पश्चात्तापच वाटतो, आणि नवाजुद्दीन सिद्दीकी यांनी तो एकाही मोठ्या संवादाशिवाय पटवला आहे.