उधारी, पत आणि खेळते भांडवल

(छत्रपती संभाजीनगर येथे लहान कारखाने व दुकाने चालविणाऱ्या कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझा व्यवसाय वकिलीचा. धनादेश न वटल्याची जी प्रकरणे माझ्याकडे येतात, त्यांतील पुष्कळशी लबाडीतून उद्भवलेली नसतात. माणूस प्रामाणिक असतो, त्याचा धंदा चालू असतो, हाती काम असते. तरी ठरल्या दिवशी खात्यात रक्कम नसते आणि त्याला आरोपी म्हणून कोर्टात उभे राहावे लागते. हे का घडते, आणि ते घडू नये म्हणून कर्जाचा उपयोग कसा करावा, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये दोन लेथ मशीन टाकून सुटे भाग तयार करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. पोलादाच्या व्यापाऱ्यास त्यांनी दिलेला एक लाख ऐंशी हजारांचा धनादेश परत गेला होता. पंधरा दिवसांच्या मुदतीची नोटीस येऊन गेली होती आणि आता समन्स हातात होते. त्यांनी वह्या माझ्यापुढे मांडल्या व म्हणाले, "वकीलसाहेब, वहीत नफा दिसतो आहे. मग पैसा गेला कुठे?"

प्रश्न फार मार्मिक होता. पैसा कोठेच गेला नव्हता. तो दुसऱ्याच्या घरी अडकून पडला होता. पोलाद ते रोखीने आणीत. कामगारांस दर आठवड्याला हप्ता द्यावा लागे. माल तयार होऊन जाण्यास पंधरा दिवस लागत आणि गिऱ्हाईक कारखान्याकडून बिलाची रक्कम येण्यास आणखी पंचाहत्तर. बिलाचे पैसे हाती येवोत वा न येवोत, जीएसटी मात्र पुढील महिन्यात भरावाच लागे. म्हणजे एक रुपया घरातून निघाला की नव्वद दिवसांनी परत येई आणि तोवर दुसरा, तिसरा रुपया घालावा लागे. काम वाढले तशी ही तूटही वाढली. मोठी ऑर्डर मिळाली म्हणून त्यांनी घरात पेढे वाटले आणि त्याच ऑर्डरने त्यांस कोर्टाच्या पायरीवर आणून उभे केले.

आता कोणी म्हणेल, ही अडचण सर्वच लहान धंदेवाल्यांची आहे. मला ते मान्य नाही. बाजारात ज्याच्या तीन पिढ्या गेल्या आहेत, त्याला माल साठ दिवसांच्या उधारीवर मिळतो. त्याला कोणी कागद मागत नाही. त्याचा मामा घाऊक व्यापारी असतो, सासरा अडत्या असतो, आणि दोघांचे मिळून जे नाव असते तेच त्याचे तारण ठरते. आपल्या माणसाला उधारी द्यावी लागते, पण घेता येत नाही. रोखीने खरेदी आणि उधारीने विक्री, अशा कात्रीत तो पहिल्याच दिवसापासून सापडतो. बाजारातील पत ही पुष्कळ अंशी जातीच्या नात्यागोत्यातून वाहते, आणि जो त्या नात्याबाहेरचा, तो कितीही कसबी असला तरी त्याच्या शब्दाला उधारी मिळत नाही.

बाबासाहेबांनाही हा अनुभव चुकला नाही. कोलंबियातून अर्थशास्त्र शिकून १९१७ साली ते परतले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्यापूर्वी उपजीविकेसाठी त्यांनी शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी एक पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली व पेढी बंद करावी लागली. पुढे १९२३ साली ज्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, त्यांच्या आर्थिक ज्ञानाला मुंबईच्या बाजारात पत नव्हती! तेव्हा ज्ञान वेगळे, कसब वेगळे आणि पत वेगळी.

ह्याच शहरात २०१० साली दीडशे जणांनी एकजूट करून एकाच वेळी दीडशे मर्सिडीज मोटारी घेतल्या. किंमत सुमारे पासष्ट कोटी रुपये. त्यांस बँकेचे कर्ज सुमारे सात टक्के व्याजाने मिळाले. त्या सुमारास लेथ मशीनवाल्याला इतक्या कमी दराने कर्ज कोणी दिले असते? मी हे हेव्याने सांगत नाही. दीडशे माणसे एकत्र येऊन भाव ठरवावयास बसली की बँक कशी ऐकून घेते, एवढेच त्यातून घ्यावे.

बँकेचे खेळत्या भांडवलाचे कर्ज हे, माझ्या मते, आपल्याला न मिळालेल्या त्या उधारीची जागा भरून काढणारे साधन आहे. परंतु कर्ज हा शब्द निघाला की आपल्या घरांतील वडीलधारी माणसे अस्वस्थ होतात. त्यात त्यांचा दोष नाही. मराठवाड्यात सावकाराच्या वहीत एकदा अंगठा उठला की बाप गेला तरी मुलाची चाकरी सुटत नसे. वेठबिगारीची पद्धत कायद्याने नष्ट व्हावयास १९७६ साल उजाडावे लागले. भगवंतांनीही अनाथपिंडिकास गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत ऋणमुक्तीचे सुख आहे. मात्र दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात एक दृष्टान्त आहे, तो आपण अवश्य पाहावा. एक मनुष्य कर्ज काढून धंद्यात घालतो, धंदा यशस्वी होतो, तो जुने कर्ज फेडतो आणि कुटुंबाच्या पोषणासाठी त्याच्याकडे काही शिल्लकही उरते; तेव्हा त्याला जो आनंद होतो तो तेथे वर्णिला आहे. त्या दृष्टान्तात कर्ज धंद्यात शिरते व धंद्यातूनच फिटते. पोटासाठी काढलेले कर्ज आणि मालासाठी काढलेले कर्ज ह्यांत हाच भेद आहे. पहिले खाऊन संपते, दुसरे फिरून परत येते.

किती घ्यावे ह्याचे गणित कठीण नाही. नायक समितीने १९९२ साली लघुउद्योगांसाठी एक सोपी रीत सुचविली व रिझर्व्ह बँकेने ती स्वीकारली. वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या पंचवीस टक्के इतके खेळते भांडवल लागते असे धरावे. त्यातील किमान वीस टक्के बँकेने द्यावे, पाच टक्के धंदेवाल्याने स्वतःचे घालावे. मूळ कल्पना अशी की, पैसा वर्षातून चार वेळा फिरतो. आमच्या गृहस्थांची विक्री चाळीस लाखांची. त्यांस दहा लाख लागणार, त्यांतील आठ लाख बँकेचे, दोन लाख घरचे. ते दोन लाख मात्र खरोखरच असावे लागतात. तेही पतसंस्थेतून उसने आणून दाखविणाऱ्याचा पाया पहिल्या पावसातच खचतो.

असे कर्ज बहुधा कॅश क्रेडिट खात्याच्या रूपाने मिळते. बँक मर्यादा ठरवून देते. जितकी रक्कम जितके दिवस वापराल तितक्यावरच व्याज. समजा, अकरा टक्के दर आहे आणि सरासरी पाच लाख वापरात राहिले, तर वर्षाचे व्याज पंचावन्न हजार होते. तेच पाच लाख शेकडा पाच रुपये महिन्याने खाजगी सावकाराकडून घेतले तर वर्षाला तीन लाख! हा हिशेब घरी बायकामुलांपुढे पाटीवर मांडून दाखवावा. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

परंतु ह्या खात्याची एक शिस्त आहे आणि ती न पाळल्यामुळे आपली माणसे बुडतात. विक्रीचा सर्व पैसा त्याच खात्यात आला पाहिजे. शिल्लक माल व येणे बाकी ह्यांचे विवरण वेळेवर बँकेस दिले पाहिजे, कारण त्यावरूनच किती उचल करता येईल ते ठरते. ज्या घरात मुलीच्या लग्नाला, प्लॉटच्या इसाराला किंवा मोटारीच्या पहिल्या हप्त्याला कॅश क्रेडिटमधून पैसे काढले, त्या घराचा धंदा दुसऱ्याच महिन्यात पोलादासाठी हात पसरतो. लग्न करू नका असे मी म्हणत नाही. लग्नाचा पैसा वेगळ्या खात्यात साठवा असे म्हणतो. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करून दोन भाग धंद्यात घालावेत व एक भाग अडचणीसाठी राखावा असे सांगितले आहे. उपभोगाला उरतो तो एकच भाग. आपण त्रिसरण रोज म्हणतो, हा हिशेब मात्र विसरतो. उचल मर्यादेच्या वर सलग नव्वद दिवस राहिली की खाते अनुत्पादक ठरते, आणि घर गहाण असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याची साठ दिवसांची नोटीस दाराशी येऊ शकते.

आता हक्काविषयी. कर्ज मिळणे हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही. पण न्याय्य वागणूक मागता येते. आपली पुष्कळ घरे गुंठेवारीत आहेत, कागद धड नाहीत, म्हणून तारण देता येत नाही. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २०१० साली घातला. त्याहून मोठ्या रकमांसाठी २००० साली सुरू झालेला पतहमी निधी आहे. हा निधी बँकेला हमी देतो, तुमचे कर्ज माफ करीत नाही. ह्याबाबत मोठा गैरसमज पसरला आहे. मुद्रा योजनेतही खेळते भांडवल मिळते. अनुसूचित जातीच्या अर्जदाराचा अर्ज शाखेच्या पातळीवर परस्पर नाकारू नये, वरच्या पातळीवर निर्णय व्हावा व कारण स्पष्ट नोंदवावे, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने बँकांना फार पूर्वी देऊन ठेवली आहे. १९९० च्या अधिनियमाने बौद्ध झालेल्यांनाही केंद्राने अनुसूचित जातींत धरले, म्हणून ही सूचना आपल्यालाही लागू पडते. तेव्हा "साहेब नाही म्हणाले" एवढ्यावर घरी परतू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकारही लेखी मागा.

दुसरा हक्क गिऱ्हाइकाकडून वेळेवर पैसे मिळण्याचा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे बिल, लेखी करार असला तरीही, पंचेचाळीस दिवसांपलीकडे थकविता येत नाही. करार नसेल तर मुदत पंधरा दिवसांचीच. थकल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. दाद सुविधा परिषदेकडे मागता येते, आणि तिच्या निवाड्याविरुद्ध कोर्टात जाणाऱ्या खरेदीदाराला आधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. ह्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती मोफत आहे; दलालाला पैसे देऊ नका, आणि माल पुरविण्यापूर्वीच करा, कारण मागाहून केलेल्या नोंदणीवर कोर्टात वाद होतात. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांना मात्र ह्या तरतुदीचा लाभ नाही.

आपण म्हणाल, तक्रार केली तर पुढची ऑर्डर कोण देईल? प्रश्न खरा आहे, आणि कायद्याच्या पुस्तकात त्याला उत्तर नाही. म्हणून मी तक्रारीआधी दुसरा मार्ग सुचवितो. २०१७ पासून बिले वटविण्याची ट्रेड्स नावाची व्यवस्था सुरू आहे. मोठ्या खरेदीदाराने बिल मान्य केले की वित्तसंस्था थोडे व्याज कापून रक्कम आधीच देते, आणि खरेदीदाराने पैसे बुडविले तरी ते विक्रेत्याकडून वसूल होत नाहीत. अडीचशे कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तेथे नोंदणी सक्तीची झाली आहे. आपला खरेदीदार त्यांत आहे का, एवढे विचारण्यास भांडण लागत नाही.

शेवटी सहीविषयी. भारतीय करार कायद्याच्या १२८ व्या कलमान्वये जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे ठरले नसेल तर, मूळ कर्जदाराइतकीच असते. "नुसती सही करा, औपचारिकता आहे" असे म्हणून आपल्या भगिनींकडून जी सही घेतली जाते, ती औपचारिकता नसते. कोरा धनादेश तर कोणालाही देऊ नये.

त्या लेथ मशीनवाल्या गृहस्थांचे प्रकरण व्यापाऱ्याशी हप्ते ठरवून तडजोडीने मिटले. पाच महिन्यांनी त्यांस एका बँकेकडून कॅश क्रेडिट मंजूर झाले; आठ नव्हे, सहा लाखांचे. कागदांवर सह्या करण्याच्या दिवशी त्यांच्या पत्नी जामीनदार म्हणून आल्या होत्या. त्या सातवी शिकलेल्या. त्यांनी पेन हातात घेतले नाही. म्हणाल्या, आधी हे मराठीत वाचून दाखवा. अधिकारी त्रासले, पण मी तेथे असल्याने वाचावे लागले. चाळीस मिनिटे लागली. आठव्या पानावर बाईंनी थांबविले. त्यांच्या आईच्या नावचा मुकुंदवाडीचा प्लॉट यादीत आला होता. तो कोणी घातला, कोणाला सांगता येईना. तो ओळ मारून वगळण्यात आला, दोघांनी शेजारी सही केली, आणि मग बाईंनी आपले पूर्ण नाव सावकाश लिहिले.